टेकवलेली बाटली

अनाथाश्रमातल्या तान्ह्यांच्या खोलीत सहा पाळणे आणि सांभाळायला एकटी माई. घडी घातलेल्या पंच्याला बाटली टेकवायची आणि पोरांनी आपापलं दूध प्यायचं, ही तिची बावीस वर्षांची रीत. ती स्वतः याच छपराखाली वाढली होती, अशाच टेकवलेल्या बाटलीवर. कुणी नाक मुरडलं तर विचारी, "मग मी मेले का?"

तिची सगळ्यांत लाडकी कोपऱ्यातली चिमणी. नऊ महिन्यांची झाली, पण रडणं कसलं ते ठाऊक नाही. आल्यागेल्याला माई कौतुकानं दाखवी, "पोर असावी तर अशी."

तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी चिमणीसमोर खुळखुळा वाजवला, हाक मारली. ती छताकडे बघत राहिली.

"माई, ही गुणी नाही. रडलं तरी कुणी येत नाही, हे कळलंय तिला. सहा आठवड्यांनी येते. अशीच राहिली तर मंदबुद्धी मुलांच्या संस्थेत पाठवावी लागेल."

माईचा चेहरा उतरला. "मग मी काय करू?"

"मांडीवर घेऊन पाजा. आणि पाजताना तिच्याकडे बघा."

सांगणं सोपं होतं. चिमणीला मांडीवर घेतलं की माईचे हात लाकडाचे होत. डोळ्याला डोळा भिडला की तिचीच नजर खिडकीकडे पळे.

स्वयंपाकीणबाई दारातून बघत होती. "अगं, पोर धरलीयस की तापलेलं पातेलं?"

"मला कुणी धरलं असतं, तर आलं असतं मला."

स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत आत आली, माईच्या शेजारी बसली आणि तिचा कोपर हलकेच वाकवला. "डोकं इथं येऊ दे. तू भिंतीला टेक. दूध कुठं पळून जात नाही."

चौथ्या आठवड्यात चिमणीनं दूध पिता पिता माईचं बोट धरलं. पाचव्यात, पाळण्यात ठेवताच तिनं भोकाड पसरलं.

"लाडावून ठेवलीस," स्वयंपाकीणबाई म्हणाली.

माईनं चिमणीला पुन्हा उचललं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कडेवर घेताच चिमणी ओठ काढून माईकडे झेपावली. त्यांनी कागदावर लिहिलं, 'इथेच राहू द्यावी.'

त्या निघाल्या, तेव्हा माई दारात आडवी उभी होती.

"बाई, अजून पाच आहेत. मला हात दोनच. वर सांगा, बायका द्या म्हणावं."

बावीस वर्षांत तिनं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.