भुऱ्याची राखण

नूतनला सासरी माणसांची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती अंगणातल्या निंबाखाली साखळीला बांधलेल्या भुऱ्याची.

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा केळीचा मळा. मळ्यातच घर. विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, तेव्हा धाकटा दीर चंदन पंजाबातून एक पिल्लू घेऊन आला. करड्या रंगाचं, मांजरीएवढं, टोपलीत मावणारं. वर्षभरात ते वासराएवढं झालं. मान कुठे संपते आणि छाती कुठे सुरू होते ते केसांत कळायचं नाही. गावातली माणसं त्याला अस्वलच म्हणायची.

"कॉकेशियन शेफर्ड आहे वहिनी," चंदन कौतुकाने सांगायचा. "काळ्या समुद्राच्या पलीकडे बर्फाचे डोंगर आहेत, तिथलं. तिथले धनगर मेंढरं याच्यावर सोडून देतात. लांडगा येऊ दे, अस्वल येऊ दे, हा हटत नाही. लांडग्याने कान धरू नयेत म्हणून तिकडे पिल्लांचे कानच कापतात. रशियात तर तुरुंगाच्या भिंतीला यांचा पहारा असायचा."

"मग तो सांगितलेलं ऐकतो का?"

चंदन हसला. "तेवढं मात्र नाही. धनगर कोसभर लांब असायचा, त्याला विचारणार कसं? आपलं कोण आणि परकं कोण, ते हा स्वतःच ठरवतो."

तेव्हापासून नूतनला तेच एक वाक्य छळत राहिलं. आपण त्याच्या हिशेबात कोण? तिचं माहेर बोदवडचं, घरात कधी मांजरसुद्धा नव्हतं. भुऱ्याला भाकरी घालायची, साखळी लावायची, ओलं पोतं अंगावर टाकायचं, हे सगळं सासरे तोताराम आबाच करत. ती फक्त सकाळी शेळ्यांची धार काढायला त्याच्या शेजारून जायची, तीही शेळ्यांच्या आडोशाने. शेळ्यांमध्ये असली की तो तिच्याकडे बघायचाही नाही. शेळ्या एकेक हुंगायचा, मोजून घेतल्यासारखा, आणि परत आडवा व्हायचा.

वैशाखातली गोष्ट. तिचा नवरा कुंदन केळीच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेला होता, चंदन कामाला चोपड्यात. उन्हाने पत्रे तडतडत होते. एवढ्या केसाच्या जनावराला खानदेशाचा उन्हाळा म्हणजे भट्टीच. म्हणून दुपारी आबा त्याला सोडून केळीत न्यायचे. ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी चिखल असायचा, तिथे तो पोट टेकून पडायचा.

नूतन भांडी घासत होती आणि केळीतून भुंकणं आलं. रोजचं नव्हे. एकदा भुंकायचा, थांबायचा, मग घशातून खोल काहीतरी काढायचा. तिने आबांना हाक मारली. ओ आली नाही. फोन लावला तर केळीतच वाजत राहिला.

ती धावत बांधावर गेली आणि थबकली. व्हॉल्व्हच्या लोखंडी पाइपाजवळ आबा कुशीवर पडले होते. टोपी बाजूला, तोंड वाकडं झालेलं, एक हात अंगाखाली दुमडलेला. त्यांच्या अंगावर पाय टाकून भुऱ्या उभा होता.

"आबा!" ती एक पाऊल पुढे झाली. भुऱ्याने मान खाली केली, ओठ वर गेले. आवाज इतका खालून आला की तिला तो तळपायात जाणवला. ती मागे सरली.

तिने १०८ ला फोन केला आणि शेजारच्या धनसिंगभाऊंना हाका मारल्या. ते काठी घेऊनच आले.

"काय व्हयनं वहिनी?"

"आबा पडले, भाऊ. हा जवळ जाऊ देत नाही."

"कसा देत नही, दखस मी," म्हणत धनसिंगभाऊंनी काठी उगारली. पुढचं नूतनला नीट दिसलंच नाही. करडं काहीतरी उसळलं, काठी पडली, आणि धनसिंगभाऊ बांधाशी कोलमडले. मनगटापासून कोपरापर्यंत हात रक्ताने भरला होता. भुऱ्या त्यांच्यामागे आला नाही. वळून पुन्हा आबांवर जाऊन उभा राहिला.

"अमृतले फोन कर," धनसिंगभाऊ हाताला उपरणं गुंडाळत ओरडले. "त्यानी बंदूक लई ये म्हना! आते दुसरा उपाय नही."

तिने फोन लावला. अमृत पलीकडच्या मळ्यातला, त्याची वस्ती जवळच होती. अँब्युलन्सही येत होती. पण आबांची छाती वरखाली होताना नूतनला दिसत होती, आणि तो वेग तिला बरा वाटेना. गोळी चुकली तर? कुत्र्याच्या पायांखाली आबाच होते.

काय करायचं ते तिला सुचलं तेव्हा आधी रडूच आलं, कारण ते करणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती घराकडे पळाली. निंबाखालची भुऱ्याची साखळी कमरेला गुंडाळली, दोन शेळ्या सोडल्या आणि त्यांना केळीत घेऊन आली. धनसिंगभाऊ "वहिनी, नको! नको जाऊ!" म्हणत राहिले. ती दोन्ही शेळ्यांच्या मध्ये वाकली, त्यांच्या मानेवर हात ठेवले आणि सकाळी चालते तशी तिरकी, हळू चालू लागली. भुऱ्याकडे बघायचं नाही, एवढंच स्वतःला बजावत होती. दात वाजू नयेत म्हणून पदर तोंडात धरला होता.

घशातली गुरगुर सुरू झाली. शेळ्या केळीच्या पानाला तोंड लावायला थांबल्या, तीही थांबली. पुन्हा निघाल्या, तीही निघाली. मग ओलं, गरम नाक तिच्या हाताला लागलं. तिने डोळे मिटले. नाक दंडावर आलं, मानेपाशी आलं. नाक शेळीकडे वळलं.

गुरगुर थांबली होती.

ती आबांजवळ बसली. एक हात त्यांच्या कपाळाला लावला, दुसरा भुऱ्याच्या मानेतल्या केसांत घातला. बोटं आत दिसेनाशी झाली. पट्ट्याची कडी सापडेपर्यंत ती देवाची नावंही विसरली. कडीत साखळी अडकली. दुसरं टोक तिने लोखंडी पाइपाला गुंडाळून अडकवलं.

खरी पाळी आता होती. तिने आबांच्या काखेत हात घातले आणि ओढायला सुरुवात केली. भुऱ्या त्यांच्याबरोबर चालला, आबांच्या चेहऱ्याला नाक लावून. साखळी ताठ झाली. मग त्याला कळलं. तो मागच्या पायांवर उभा राहिला, झेपावला, साखळीने मागे आपटला, पुन्हा झेपावला. त्याच्या तोंडाचा फेस तिच्या चेहऱ्यावर उडाला. पाइप वाकू लागला. नूतन ओरडत होती, काय ओरडत होती तिला ठाऊक नव्हतं, पण हात सोडले नाहीत. धनसिंगभाऊंनी चांगल्या हाताने आबांचा पाय धरला आणि दोघांनी त्यांना बांधापलीकडे घेतलं.

अमृत बंदूक घेऊन पोचला होता. त्याने ती वर केली.

"मारू नका," नूतन म्हणाली. "बांधलाय."

"पाइप मोडी तर?"

"तोवर आपण जाऊ."

आबांना आधी चोपड्याला, तिथून जळगावला नेलं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. धनसिंगभाऊंच्या हाताला टाके पडले, इंजेक्शनांचा कोर्स झाला. त्यांनी शिवी दिली ती चंदनला, नूतनला नव्हे.

भुऱ्याला रात्री चंदनने परत निंबाखाली आणून बांधलं. कुंदन आला, तेव्हा त्याला कुठेतरी देऊन टाकायचं ठरलं होतं. हिमाचलात मेंढरं पाळणारा एकजण चंदनच्या ओळखीचा होता. थंडी, डोंगर, मेंढरं. त्याच्या जातीला तेच बरं. पण आबा घरी आले, उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. पलंगावर बसवल्यावर ते पहिल्यांदा निंबाकडे बोट दाखवून रडले. पावसाळ्यापर्यंत राहू दे, असं कुंदन म्हणाला. पावसाळा गेला. पुढचा विषय कुणी काढला नाही.

भाकरी आता नूतन घालते. रोज ठेवायच्या घाईत ताट खाली आपटतंच.

परवा धनसिंगभाऊ आबांना बघायला आले आणि तारेच्या फाटकापाशीच थांबले.

"बांधेल शे ना?"

"बांधेल शे. या ना भाऊ."

त्यांनी निंबाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, हातावरच्या वणावर बोट फिरवलं.

"मी अठेच बरा," ते म्हणाले.

मग कुंदनने आबांची खुर्ची उचलून फाटकापाशी नेली, आणि नूतनने चहा तिकडेच पोचवला.