मिनी नावाची दोन घरं

माझ्या भावाने घरात कम्प्युटर आणला तेव्हा तो रेडिओच्या कामासाठी आहे असं सगळ्यांना सांगितलं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, त्यामुळे शेजाऱ्यांना ते पटलं. मला नाही पटलं. त्याची मुलगी मिनी त्याच्याशी भांडून लांबच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरीला गेली होती, आणि तिथे टेबलाटेबलावर कम्प्युटर होते. तिच्याशी धरलेला अबोला त्याला सोडायचा होता, पण स्वतःच्या तोंडाने नाही.

आमच्या घरात कोणी ओरडत नाही. ताट वाढलं जातं, कपडे वाळत पडतात, फक्त बोलणं बंद होतं. मिनीची आई होती तोवर ती मध्ये पडायची. ती गेल्यावर ते काम माझ्या गळ्यात आलं.

यंत्र जोडून द्यायला कॉलेजातला ऑपरेटर आला. इतका उंच की आमच्या प्रत्येक दाराला त्याचं डोकं लागलं.

"रोज दुपारी तुमचं यंत्र आमच्या यंत्राला फोन लावेल," तो म्हणाला. "आमचं यंत्र तुमचं टपाल आणि बातम्या गठ्ठ्याने देईल, तुमचं लिहिलेलं घेऊन जाईल. तेवढा वेळ फोन उचलायचा नाही, आजी."

"बातम्या कसल्या?"

"जगभरच्या लोकांच्या गप्पा. रेडिओवाल्यांचा एक गट आहे, त्यात नुसती भांडणं."

"मग याला करमेल," मी म्हटलं.

भाऊ हसला नाही. ऑपरेटर पुढे म्हणाला, "काका, यंत्राला एक नाव द्यावं लागतं. घरावरच्या पाटीसारखं. दुसऱ्या कुणाचं नसलेलं."

"मिनी."

"छोटं यंत्र म्हणून?"

"हो. छोटं म्हणून." माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"हे कुणीतरी आधीच घेतलेलं असेल हो. दुसरं काही सुचतंय का?"

"माझ्या घरातल्या वस्तूला काय हाक मारायची ते मी ठरवीन."

ऑपरेटरने मान डोलावली. कुठल्या कुठल्या यंत्रांतून जायचं तो पूर्ण रस्ता लिहिला की टपाल बहुतेक पोचतं, असं म्हणून त्याने नाव घातलं.

यंत्राला फक्त इंग्रजी अक्षरं येत होती. भाऊ आपली भाषा त्या अक्षरांत लिही. मी उतारवयात लिहायला शिकले तीही आपलीच अक्षरं, त्यामुळे पडद्यावरचं मला तो वाचून दाखवायचा. पहिलं पत्र असं होतं : 'मिनी, घरी यंत्र बसवलं आहे. इथे लिहीत जा. बाबा.'

"एवढंच?"

"मग काय, पाल्हाळ लावू?"

उत्तर आलं नाही. रेडिओवाल्यांच्या गप्पा मात्र ढिगाने येत. कुणाचा एरियल चुकलेला, कुणी कुणाची अक्कल काढलेली. भाऊ आधी टपाल बघायचा, मग तोंड पाडून गप्पा चाळायचा.

"रुसली आहे," तो म्हणायचा. "बापावर गेली."

"दुसरं पत्र टाक की."

"पहिलं मीच टाकलं ना? आता तिची पाळी."

मी प्रयोगशाळेत फोन केला. तिथला फोन साहेबांच्या खोलीत होता. निरोप देतो म्हणाले, आणि ते तिथेच राहिलं.

मग एका दुपारच्या गठ्ठ्यातून एका परक्या बाईचं पत्र आलं. तिच्याही यंत्राचं नाव मिनी होतं. न कळणाऱ्या भाषेतली काही पत्रं बरेच दिवस आपल्याकडे येऊन पडली आहेत, चौकशी करून तुमचा पत्ता शोधला, उशीर झाला, माफ करा, असं तिने लिहिलं होतं. खाली मिनीची पत्रं होती.

ऑपरेटर धावत आला. "वाटेतली यंत्रं शहाणपणा करतात, काका. पूर्ण रस्ता बघत नाहीत. शेवटचं नाव बघतात आणि त्यांच्या ओळखीच्या मिनीकडे टाकून देतात. हे नाव आधी कुणाचं आहे का, ती नोंद मी बघायला हवी होती."

"तुम्ही सांगितलं होतंत," भाऊ म्हणाला आणि वाचायला लागला.

पहिल्या पत्रात नुसता आनंद होता. 'बाबा, तुम्ही लिहिलंत!' दुसऱ्यात तिने विचारलं होतं, की दूरच्या बेटावरच्या हवामान केंद्रात दोन वर्षांची जागा देतायत, मला खरं तर जायचं नाही, तुम्ही 'ये' म्हणालात तर घरी येते. तिसरं वाचताना भावाचा आवाज पुढे गेला, पण ओळीखालून सरकणाऱ्या बोटाने मध्येच उडी मारली.

"थांब. बोट दोन ओळी खाली गेलं."

"त्यात काही नाही."

"मला ही अक्षरं येत नाहीत. डोळे आहेत."

त्याने बोट वर नेलं. 'एकदा बोललात आणि मी विचारल्यावर पुन्हा अबोला धरलात. आता मी नाही विचारणार. जहाज सुटतंय. जाते.'

प्रयोगशाळेने फोनवर सांगितलं, त्या गेल्या. बेटावर फोन नाही, टपाल जहाजाने, तेही समुद्र शांत असेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी भावाने रेडिओवाल्यांच्या गटात, जगासमोर लिहिलं, की माझी मुलगी त्या बेटावर आहे, तिला माझा निरोप कुणी पोचवेल का. ज्याने कधी कुणाला वाटही विचारली नाही, त्याने हे लिहिलं. उत्तरं पुष्कळ आली. एकाने कळवलं, की त्या केंद्राशी माझं अधूनमधून वायरलेस रेडिओवर बोलणं होतं. तुमची भाषा मला येत नाही, एकेक अक्षर सांगेन. खरखर फार असते, अगदी थोडकं लिहा.

भावाने लिहून मला वाचून दाखवलं. 'रुसलो नव्हतो. पत्रं आत्ता मिळाली. ये.'

"'ये' काढ," मी म्हटलं.

"तेच तर तिला हवं होतं, अक्का."

"तेव्हा हवं होतं. आता चारी बाजूंनी पाणी आहे. तो शब्द घेऊन दोन वर्षं तिने करायचं काय?"

"आणि काढला तर? तिला वाटेल, बाबा अजूनही बोलवत नाहीत."

त्याने तो शब्द पुसला. जरा वेळाने पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. फोनची वेळ झाली तसा तो पडद्याच्या आणखी जवळ सरकला. त्याच्या खांद्यावरून मी पाहिलं, तर शेवटी 'ये'ची ती दोन इंग्रजी अक्षरं होती. तेवढी आता मला ओळखता येत होती.

यंत्र फोनला जोडणाऱ्या मोडेमचा किंचाळण्यासारखा आवाज सुरू झाला, आणि तो बंद होईपर्यंत भावाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.