रसेलच्या शर्टाचं टोक

मी आमच्या तान्ह्या लेकीला, जुनीला, मांडीवर घेऊन कोर्टात बसले होते. माझ्या गळ्यातली माळ तिच्या तोंडात होती, म्हणून तरी गप्प होती. पुढे माझा नवरा रसेल उभा होता, लग्नातला कोट घालून. त्याची बटणं आता लागत नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी मित्रांबरोबर पिऊन त्यानं एका बंद दुकानाचं मागचं दार फोडलं आणि बिअर-सिगारेटी उचलून आणल्या. गुन्हा तो गुन्हाच; मतदानाचा आणि बंदुकीचा हक्क गेला. शिक्षा भोगून झाली, मतदानाचा हक्कही परत मिळाला. बंदुकीला हात लावायचा हक्क मात्र कोर्टाकडूनच मागायचा होता. नोव्हेंबर उजाडला की आमच्या व्हर्जिनियातलं सगळं गाव हरणांमागे रानात असतं. माझे सासरे गार्नेट आता शहात्तरचे, एक डोळा गेलेला. "शिकारीचा एक मोसम लेकाशेजारी उभं राहू दे, मग दुसरा डोळा गेला तरी चालेल," म्हणायचे.

साक्षीला तेच उभे राहिले, आणि न्यायाधीश बाईंपुढे पहिल्याच वाक्यात त्यांनी घात केला.

"बाईसाहेब, पोरगा गुणाचा आहे. बारा वर्षांत शिकारीच्या तळावर यायचं एकदाही चुकवलं नाही त्यानं!"

सरकारी वकील ताडकन उठले. "म्हणजे दरवर्षी बंदुकांच्या गराड्यात?"

रसेलनं डोळे मिटून घेतले.

"गराडा कसला? रस्सा ढवळतो तो! आम्ही रानात बंदुका घेऊन, हा रस्त्याकडेच्या छपरात मोठ्या कढईपाशी कांदे चिरून रडत."

"पुरावा काय?"

"भिंत."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठली भिंत?"

"आमच्या शिकारी क्लबाची. हरणावरचा नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, वर नाव नि साल लिहून भिंतीला ठोकायचं. रसेलची सहा टोकं आहेत. चौदाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत, दर साली एक. पुढे एकही नाही. यानं बंदूक धरली असती तर टोक लागलंच असतं, बाईसाहेब. आमच्या घराण्यात याच्याइतका आंधळा नेमबाज झाला नाही, आणि एक डोळा तर माझा गेलाय!"

"डॅडी, पुरे की!" रसेलचे कान लाल झाले. वकीलसाहेब कागदांत तोंड घालून हसले.

"माझीही दोन टोकं लटकतायत एका भिंतीवर," बाई म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "रसेल, घरात लहान मूल आहे. बंदूक कुठे ठेवशील?"

"कपाटात, कुलूप लावून. किल्ली हिच्याकडे." त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जुनीनं माळ सोडून एक मोठी किंकाळी मारली.

"तिची हरकत नाही असं धरते," म्हणत बाईंनी सही केली.

गाडीत बसल्यावर गार्नेट म्हणाले, "मी तुला बुडवलंच होतं रे." रसेलनं त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. गाडी मीच चालवली.

मोसमाच्या पहिल्या दिवशी दोघं संध्याकाळी परतले, चिखलानं माखलेले, रिकाम्या हातांनी. रसेल पाठमोरा वाकून बूट काढू लागला, तर शर्ट मागून कमरेवरच संपलेला! जुनी रांगत गेली आणि तिनं तो कापलेला काठ मुठीत धरला.

"दे, शिवून देते," मी म्हटलं.

"नको," तो म्हणाला. "राहू दे असाच."