दोमितिलाच्या पायाशी पसरलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. पण गादी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येतं तसलं सुखाचं आयुष्य माझ्या वाट्याला आलं नाही. माझ्यावर लोक झोपले कमी आणि पडले जास्त. तेही हळूच नव्हे, तर दोन पुरुष उंचीवरून, कधी पाठीवर, कधी ढुंगणावर, कधी चक्क तोंडघशी. तरीही मला माझ्या नशिबाची कीव करायची नाही. उलट थोडा तोराच मिरवायचा आहे.

माझा जन्म पोसो ब्रावो गावचा. आंदीज पर्वताच्या माथ्यावरचं हे वाळवंट म्हणजे खाली मीठ, वर वारा आणि मधे आम्ही. सातुर्नीनाबाईंनी आपल्या एकुलत्या एका मुलाच्या, एलेउतेरियोच्या लग्नासाठी मला शिवलं. कळपातल्या निवडक लामांची लोकर त्यांनी कातरली. लामा म्हणजे आमची मेंढरंच, फक्त मान लांब आणि नाक जरा जास्तच वर. ती लोकर धुऊन, बोटांनी पिंजून त्यांनी माझ्यात भरली आणि जाड दाभणाने टाके घातले. शेवटचा टाका पडल्यावर मक्याच्या दारूचा पहिला घोट धरणीमायला वाहिला. लग्नात सगळ्या बायका मला दाबून दाबून बघत होत्या. माझी छाती अभिमानाने फुगली होती.

नव्या सुनेचं नाव नेल्दा. लामा राखता राखता ती लहानपणापासून दगडांवर चढत आलेली. गावाबाहेर तांबूस शिळांचं मोठं रान आहे. दर वर्षी पावसाळा संपला की कोर्दोबा शहरातून लिसांद्रो आणि त्याची मित्रमंडळी तिथे यायची. दोर न बांधता या शिळांवर चढायचं आणि हात सुटला तर खाली अंथरलेल्या जाड गाद्यांवर पडायचं, असा त्यांचा खेळ. नेल्दा त्यांना जेवण पोचवायला जायची. एकदा भांडी खाली ठेवून तीही चढली आणि पडली. गाद्या पलीकडच्या शिळेखाली होत्या. कोपर सोलून निघालं.

दुसऱ्या दिवशी तिने मला गुंडाळून खांद्यावर टाकलं, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या.

"लग्नाची गादी दगडाखाली घालतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सुनेची हाडं शाबूत आहेत."

"आणि माझा मुलगा झोपेल कशावर?"

"तो मिठाच्या कामावरून येतो तेव्हा उभ्या उभ्या झोपतो, आई. तुम्हाला ठाऊक नाही का?"

एलेउतेरियो चुलीजवळ बसून हसला. सासूबाई मात्र आठवडाभर सुनेशी बोलल्या नाहीत.

असं माझं खरं आयुष्य सुरू झालं. शहरातून आलेल्या गाद्या रंगीत, चौकोनी आणि पट्टेवाल्या होत्या. त्यांच्या पोटात फोम, माझ्या पोटात लोकर. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहुण्यांच्या पंगतीत घुसलेल्या कुत्र्यासारखं पाहिलं. पण पंगत म्हटली की पाट कमीच पडतात. हळूहळू मीही त्यांच्यात बसू लागले. नेल्दा पडायची, हसायची, पकड घसरू नये म्हणून हाताला पांढरी पूड लावायची आणि पुन्हा चढायची. लिसांद्रो तिला पाय कसा टेकायचा ते दाखवायचा. तीही पोरीसारखी हट्टाने शिकायची.

पण रोज आपटणं अंगावर घेऊन कोणाची लोकर शाबूत राहते? माझ्यात गठ्ठे झाले. मधे खड्डा पडला. घरात विकतची गादी आली आणि मला शेळ्यांच्या गोठ्यात टाकलं. शेळ्या माझ्यावर काय काय करायच्या ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. नेल्दाही आता शहरवाल्यांच्या गाद्यांवर पडायची. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अशात एका संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीपलीकडून सासूसुनेचा आवाज आला.

"शहरवाले चावडीच्या भिंतीवर शिळांचा नकाशा रंगवणार आहेत," नेल्दा सांगत होती. "प्रत्येक शिळेचं नाव घालून. उद्या शेवटचा दिवस, परवा ते जातील."

"मग घालू देत की."

"दोमितिलाचं नाव 'सैतानाचा जबडा' लिहिणार आहेत."

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. दोमितिला म्हणजे रानातली सगळ्यात उंच, पुढे झुकलेली शिळा. सातुर्नीनाबाईंच्या आईचं नाव दोमितिला. कळपामागे फिरताना वादळी वाऱ्यात त्या माऊलीला कळा आल्या. त्या शिळेच्या आडोशाला ती एकटीच बाळंत झाली. ते बाळ म्हणजे सातुर्नीनाबाई. तेव्हापासून गाव त्या शिळेला त्या माऊलीच्या नावाने हाक मारतं.

"म्हणजे मी सैतानाच्या जबड्यात जन्मले होय गं?"

"मी लिसांद्रोशी भांडले, आई. तो म्हणतो, जो पहिल्यांदा माथ्यावर पोचेल त्याने नाव ठेवायचं, हा नियम सगळीकडे आहे. ती शिळा अजून कोणीच चढलेलं नाही. तो उद्या चढणार. म्हणाला, तू आधी चढलीस तर तू ठेवशील ते नाव मी स्वतः भिंतीवर रंगवतो."

"मग इतकी वर्षं तिथे जाऊन काय माशा मारत होतीस?"

थोड्या वेळाने सासूबाई गोठ्यात आल्या. मला फरफटत अंगणात नेलं, टाके उसवले आणि माझी सगळी लोकर बाहेर काढली. अंधार पडेपर्यंत दोघी ती पिंजत बसल्या. स्वतःच्या पांघरुणासाठी राखलेली मऊ लोकरही सासूबाईंनी माझ्यात कोंबली. मित्रांनो, टाके पडत होते तेव्हा मला पुन्हा लग्नातल्यासारखं वाटलं.

सकाळी सगळा गाव शिळेपाशी जमला. आधी लिसांद्रो चढला. काय चढला म्हणून सांगू! माथ्याची कड त्याच्या हाताला लागलीसुद्धा, पण तिथला दगड उतरता आणि गुळगुळीत आहे. बोटं घसरली आणि तो धप्पकन माझ्यावर आला. मी झेलला. त्याने मला थोपटलं आणि तो नेल्दाला म्हणाला, "कडेवर बोटं नको, तळवा टेक. मी तिथेच चुकलो."

नेल्दा चढली आणि पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. बोटांतून रक्त आलं. वारा वाढला होता. ती माझ्यावर बसून राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, मला नाही जमणार."

"नाही जमलं तर नाही," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीवर नाव नाही म्हणून माझी आई काय पुसली जाणार आहे? पण एकदा चढ. गादी मी धरते."

नेल्दा उठली. ती जशी सरकेल तशा सासूबाई कंबरेत वाकून मला बरोबर तिच्या खाली ओढत होत्या. नेल्दा कडेपाशी पोचली. तिने तळवा टेकला, मग कोपर, मग टाच वर टाकली. मी अंग फुगवून वाट पाहत होते आणि मनात म्हणत होते, आज नको गं येऊस माझ्याकडे.

ती आली नाही. ती वर उभी राहिली आणि आभाळाकडे तोंड करून ओरडली, "दोमितिला!" रानभर शिळांनी ते नाव परत परत घेतलं. सातुर्नीनाबाई माझ्यावर मटकन बसल्या आणि पदर नसल्यामुळे टोपीत तोंड खुपसून रडल्या. दुपारी लिसांद्रोने ठरल्याप्रमाणे स्वतःच्या हाताने ते नाव भिंतीवर रंगवलं, सगळ्यात मोठ्या अक्षरात. मग सगळ्यांनी मिळून मला खांद्यावर घेऊन गावात मिरवलं. नेल्दा मागून पायी चालत होती.

आता मी खरंच म्हातारी झाले आहे. हल्ली नेल्दाच्या मुली माझ्यावर पडतात. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी उंच चढू पाहत असेल. त्याच्या खाली काहीतरी मऊ अंथरा. आणि जे अंथराल त्याला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, गठ्ठे झाले तर पिंजून घ्या. गोठ्यात टाकू नका. मला ऊन दाखवायला सातुर्नीनाबाई रोज शिळेपाशी येतात आणि माझ्यावरच बसतात. कोणी नवा चढणारा आला की त्याच्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "बाळा, ही माझी आई आहे. बूट पुसून चढ."