वेटरचं पुढे काय झालं?

घरातलं बोलणारं माणूस गेलं की मागे राहिलेल्याला स्वतःचा आवाजही परका वाटतो. शिवणकाम करणाऱ्या मास्तरांचं तसंच झालं होतं. बायको होती तेव्हा दुकानात मशीनच्या जोडीला तिचा आवाज असे. काज-बटणं आटोपली की ती कादंबरी मोठ्याने वाचायची आणि मध्येच अडून बसायची. शेवटच्या पुस्तकात ती एका टपालवाल्यापाशी अडली होती. "अहो, याचं पुढे काय झालं हो?"

"नायक-नायिका सोडून तुला टपालवाल्याची काय पडलीये? पुढे वाच!"

आता पुढे वाचणारं कोणी नव्हतं.

पुतणीची पहिली कादंबरी मास्तरांनी एकट्यानेच वाचली. दोन तरुण जिवांचं प्रेम, लिहिलंही गोड होतं. पण त्यात एक म्हातारा वेटर नायिकेच्या ड्रेसवर कॉफी सांडतो. मालक त्याला तिथल्या तिथे कामावरून काढतो. ते दोघं हसत सुटतात, हसता हसता पहिल्यांदा हात धरतात आणि वेटर पुस्तकातून गायब! मास्तरांनी शेवटचं पान उलटून मागचा पुठ्ठाही पाहिला.

दुसऱ्या दिवशी पुतणी प्रकाशनाला घालायचा ड्रेस घालून बघायला आली. टाचण्या लावता लावता मास्तरांनी विचारलंच.

"तुझ्या त्या वेटरचं पुढे काय झालं गं?"

"कुठला वेटर?"

"घ्या! लिहिणारीलाच आठवेना!"

"अच्छा, तो! काका, तो फक्त कॉफी सांडायला आहे. त्याच्यामुळे त्यांचे हात जुळतात."

"यांचे हात जुळले, त्याच्या हातचं काम गेलं. घरी जाऊन त्याने कोणाला काय सांगितलं?"

"सगळ्यांचं लिहीत बसले तर ते दोघं प्रेम कधी करणार?"

"सगळ्यांचं नको. तो घराचं कुलूप उघडताना दिसू दे. एक ओळ पुरते, बाळ. तुझी काकू असती तर तुला सोडलं नसतं."

पुतणीचा चेहरा पडला. तेवढ्यात शेजारचा इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात आला.

"ठेव तिथे," मास्तर मान वर न करता म्हणाले.

त्याने गठ्ठा ठेवला, पण तो घुटमळला. मास्तरांची बायको गेल्यापासून तो रोज असाच घुटमळायचा.

"हिशेब शनिवारी म्हटलं ना!" मास्तर खेकसले. तो निमूट गेला.

पुतणी आरशातून बघत होती. "काका, यांच्या घरी कोण कोण असतं?"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "विचारलं नाही कधी."

"किती वर्षं शेजारी आहेत?"

"तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून."

"माझा वेटर निदान कॉफी तरी सांडतो, काका. तुमचा नुसता गठ्ठा ठेवून जातो."

बोल वर्मी लागला. मास्तर उठले आणि शेजारी गेले.

"काय रे, रोज थांबतोस. काही हवंय का?"

इस्त्रीवाला ओशाळला. "पैशांसाठी नाही हो, मास्तर. आपल्यात ही फळीचीच भिंत. वहिनी वाचायच्या ते मला ऐकू यायचं. घरी माझं कोणी नाही. दिवसभरात तेवढाच काय तो आवाज. शेवटचं पुस्तक अर्धं राहिलं. पुढचं विचारावं म्हणून थांबायचो, पण तुमच्या तोंडाकडे बघून धीर व्हायचा नाही."

इतके महिने एका फळीच्या दोन बाजूंना दोन माणसं एकाच आवाजासाठी झुरत होती, आणि मास्तरांना हिशेब दिसला!

"या," ते म्हणाले. "बसा आमच्याकडे."

बायकोच्या शेवटच्या पुस्तकात खुणेला घातलेला निळा दोरा तसाच होता. चष्मा लावून मास्तर अडखळत वाचू लागले. इस्त्रीवाला स्टुलावर बसला. पुतणी टाचण्यांसकट उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने इस्त्रीवाल्याने हात वर केला.

"मास्तर, त्या टपालवाल्याचं काय झालं मग?"

मास्तरांना हसू फुटलं. "इथवर तरी लिहिलेलं नाही हो. पण बोलू ना आपण त्यावर!"

"माझा वेटर कुलूप उघडेल, काका," पुतणी हळूच म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत नक्की."

वाचकहो, आपल्या गोष्टीत जो दारात गठ्ठा ठेवून जातो, त्याच्या गोष्टीत आपण कोण असतो? मान वर न करणारा एक शिंपी! पुस्तकाला पुढची आवृत्ती मिळते. माणसाला मिळेलच असं नाही. म्हणून आजच मान वर करा, आणि त्याला बसायला सांगा.