सोळावी चिठ्ठी

सांगते, पण मध्ये बोलू नका. आधीच डोकं फिरलंय माझं.

आमची सोसायटी निवृत्त सरकारी माणसांची. आर. के. पुरमचे क्वार्टर सोडून सगळे इथे, दिल्लीतल्याच द्वारकेत आलो. चार मजले, चोवीस घरं, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्यावर. माझ्या नवऱ्याच्या, जयंतच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दोन गार्ड त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवतात. गेल्या महिन्यात एकाचा पाय घसरला नि जयंत कठड्यावर आपटला. तेव्हापासून एकच धोशा, "लिफ्ट होणार असेल तर सांग अलका, नाहीतर मला आता खाली नेऊ नका."

लिफ्टला दोन तृतीयांश मतं हवीत, म्हणजे सोळा. ठराव पडला की वर्षभर तो विषय परत घेता येत नाही. जयंतकडे कुठलं आलंय वर्ष!

पूर्वी हात वर करून मतदान व्हायचं. मग जिन्यात भांडणं, अबोले, नको नको ते. मी सेक्रेटरी असताना ते बंद पाडलं. गुप्त मतदान, चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाही, आणि कोणाची ते कळेल अशी खूण दिसली की चिठ्ठी बाद. नियम मीच टाइप केला. केवढी मिरवले होते तेव्हा!

रविवारी सकाळी सभा झाली. चोवीसही घरं हजर. मोजायला मलाच बसवलं. मी म्हटलं, माझ्याच घरचा प्रश्न आहे, दुसरं कोणी बसा. तर इंद्रजित चौहान, आत्ताचा सेक्रेटरी, म्हणतो, "अलकाजी, आप पर तो सबको भरोसा है।" हा तळमजल्यावर राहतो. लिफ्ट बांधली की त्याच्या खोलीतला उजेड जाणार. त्याचंही अगदीच चूक नाही, हो.

हो पंधरा झाले, नाही आठ. एक चिठ्ठी उरली. उघडली, तर 'हो'! आणि खाली झोकदार सही, विलास देव, तिच्याखाली तारीख.

अहो विलासकाका! चाळीस वर्षं सरकारी फायली चाळलेला माणूस. कागद समोर आला की सही करायची, तारीख घालायची, हात आपोआप चालतो त्यांचा.

चिठ्ठी माझ्या हातात होती, कोणी पाहिली नव्हती. 'सोळा' म्हणायचं आणि गठ्ठ्यात सरकवायची, बस्स. पण सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, कसलाही संशय न घेता. मेला तो विश्वास!

"एक बाद," मी म्हणाले. "सही आहे."

काका ताडकन उठले. "सही नको तर काय अंगठा लावू? मी हो म्हणतोय, सगळ्यांच्या देखत म्हणतोय!"

"काकाजी, नियम तो नियम है," इंद्रजित खाली बघत म्हणाला, आणि चिठ्ठी फाइलला लावली. मग समोसे आले. मी वर निघून आले.

"किती?" जयंतने विचारलं.

"पंधरा."

त्याचा चेहरा उजळला. "पंधरा? अगं, मी पाच धरले होते! एवढी माणसं आपल्या बाजूची, यार!"

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ऑफिसची पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला माणूस हा.

"मोजायची होतीस गं," तो म्हणाला.

मंगळवारी गार्ड खुर्ची घेऊन आले, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आज गुरुवार. त्याचे पाय सुजलेत, धाप लागतेय, गार्ड दारात उभे आहेत, आणि तो माझा हात झटकतोय. सांगा ना, मी काय करू?