बाबांचा बुंधा

झारीतून पाणी पडेना म्हणून मी तिची जाळी काढली, तर आत गाळ. पिवळट, गुळगुळीत, बोटाला चिकटणारा. धरणाच्या पायथ्याशी एक पाझर आहे आणि त्याच्या पाण्यावर माझे भाजीच्या रोपांचे वाफे. इतक्या वर्षांत त्या पाण्यानं माझी जाळी कधी तुंबली नव्हती. तळातला खडा दिसावा असं नितळ पाणी, आज त्याचा दुधाचा चहा झाला होता.

ते कुठून येतंय हे शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबांच्या बुंध्याखालून येत होतं.

हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या गावात माणूस गेलं की त्याच्या नावानं धरणावर झाड लावतात. पहिलं कुणी लावलं ते कुणालाच आठवत नाही. पण धरण मातीचं, लहानसं, आमच्या आईबापांनी डोक्यावर माती वाहून बांधलेलं. त्यामुळे मेल्यावर तिथं उभं राहायचा आपला हक्कच आहे, असं प्रत्येकाला वाटतं. शिवाय जागा फुकट आणि पाणी उशाशी. अर्धं गाव धरणाच्या उतारावर झाड होऊन उभं आहे, आणि याची फांदी त्याच्या अंगावर का येते म्हणून उरलेल्या अर्ध्या गावात अबोला आहे. आमच्या बाबांचं झाड सगळ्यांत थोराड. ते वाळलं तेव्हा दादानं कापलं, पण बुंधा ठेवला. त्याच्याभोवती सिमेंटचा ओटा केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष. रोज त्या ओट्यावर बसून तो कुणाला किती पाणी ते ठरवतो.

मागच्या वर्षी पाटबंधाऱ्याच्या ऑफिसातून एक इंजिनियर मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मातीच्या धरणावर झाड नको. झाड मेलं की आतली मुळं कुजतात, मातीत नळ्या राहतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. सगळी झाडं मुळासकट काढा. झालं! गिरणीवाल्या काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी कुणी मेलंबिलं नाही का हो बाई?" माणसं हसली. दादानं मॅडमना गाडीपर्यंत पोचवलं, म्हणजे घालवलंच. जाता जाता त्या माझ्या वाफ्यांपाशी थांबल्या आणि फोन नंबर देऊन म्हणाल्या, "पाणी गढूळ आलं तर लगेच कळवा."

मी कळवलं.

"झिरपतंय की वाहतंय?" त्यांनी विचारलं.

"वाहतंय."

"मग गेट पूर्ण उघडा. तलाव उतरायला हवा. खाली कुणी राहतं?"

खाली माझी लेक राहते. तिचं बाळ नुकतंच पालथं पडायला शिकलंय.

"त्यांना आधी हलवा," मॅडम म्हणाल्या. "आणि ते भोक बुजवू नका. त्याच्यावर वाळू-खडी टाका. पाणी बाहेर येऊ द्या, माती अडली पाहिजे. मी निघते आहे."

मी धरणावर चढून लेकीला हाक मारली. "बाळाला घे आणि टेकडीवरच्या शाळेत जा! शेजाऱ्यांनाही ने!"

"अगं आई, गॅसवर दूध ठेवलंय!"

"दूध गेलं खड्ड्यात! बाळ घे!"

माझ्या आवाजातली भीती तिला ओळखू आली असावी. चप्पल न घालता निघाली.

दादा बुंध्याच्या खालच्या अंगाला उकिडवा बसला होता. हातात थापी, शेजारी घमेल्यात सिमेंट.

"मी सकाळीच पाहिलं," तो म्हणाला. "बुजवलंपण."

"मग हे काय वाहतंय?"

"हे दुसरं आहे."

मला हसू आलं असतं, पण त्याच्या पायाखालून धरण वाहून चाललं होतं आणि खालच्या वाटेवर अजून माझा नातू होता.

"दादा, गेट उघड."

"उघड म्हणे! पाण्याची पाळी सुरू व्हायचीय. सगळ्यांची पिकं उभी आहेत. तलाव रिकामा केला तर गाव मला फाडून खाईल."

"आणि तलाव आपणहून रिकामा झाला तर कुणाला खाईल?"

"छोटे, तुला धरणातलं काय कळतं गं?"

"काही नाही. म्हणून ज्यांना कळतं त्यांना विचारलं."

"त्या बाईला? जिला आपल्या बाबांना उपटायचंय?"

लोक रागावले की ओरडतात. माझा आवाज खाली जातो. मी म्हटलं, "बाबा आपल्याला इथं शेळीसुद्धा चढवू द्यायचे नाहीत. बांध ढासळेल म्हणायचे. तू त्यांच्या नावाचं भोक पाडून ठेवलंस आणि वर मांडी घालून बसलास."

तो पुन्हा सिमेंट थापायला लागला. माझ्याकडे पाठ करून, लहानपणी खेळणं लपवायचा तस्सा.

गेटचं चाक फिरवायचा दांडा त्याच्या घरी असतो. मी तडक तिथं गेले. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, गेटचा दांडा द्या. काय झालंय ते चालता चालता सांगते."

त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या हातांकडे पाहिलं. "बुंध्याखाली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो ओटा रोज कोण झाडतं? गेले काही दिवस फरशीखाली पोकळ वाजतंय. सांगितलं ह्यांना. म्हणाले, तू झाडू मार, डोकं चालवू नकोस." हातातली घडी त्यांनी पलंगावर फेकली. "माझा बाप गेला तेव्हा त्याचं झाड लावू दिलं नाही. परगावचा म्हणे. ह्यांच्या बापाला मात्र सासरी आल्यापासून मीच पाणी घातलं. दांडा दारामागे आहे. थांबा, मीही येते. ते चाक एकटीला दाद द्यायचं नाही."

चाक गंजलेलं होतं. एकीनं रेटायचं, दुसरीनं ओढायचं. वहिनी दर रेट्याला पुटपुटत होत्या. काय ते मी लिहीत नाही, भाऊ आहे तो माझा. चाक कुरकुरलं, थोडं फिरलं आणि खाली कालव्यात पाण्याचा आवाज सुरू झाला. तो ऐकून दादा धावत आला. मागून आणखी माणसं, त्यांत गिरणीवाल्या काकूही.

"सोड! वेड लागलंय का दोघींना?" त्यानं दांडा धरला.

"हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत.

तेवढ्यात ओटा एका बाजूनं खचला. आवाज फार मोठा नाही, कुणी जड पोतं खाली टेकवावं इतकाच. सिमेंटची कड तुटली आणि दादा जिथं रोज बसायचा तिथं खड्डा दिसायला लागला.

दादानं दांडा सोडला नाही, पण आता तो आमच्या बाजूनं रेटायला लागला. माझ्याकडे बघितलं नाही.

मॅडम आल्या तोवर आम्ही झऱ्यावर वाळू आणि खडीचे थर टाकले होते. शिव्या देणारेच घमेली पुढे करत होते. पाणी हळूहळू नितळ झालं. तलाव उतरत गेला, धरण टिकलं, लेक बाळाला घेऊन घरी आली. तिचं दूध भांड्यासकट जळलं होतं. तेही मलाच ऐकावं लागलं.

मग जेसीबी लावून बुंधा उकरला. एका मुळाच्या जागी सरळ आरपार जाणारं बीळ होतं. दादानं त्यात हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. मॅडमनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. मी म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं.

आता मॅडम म्हणतात, तलाव रिकामा आहे तोवर सगळीच झाडं मुळासकट काढून, माती थराथरानं दाबून घ्या. त्यावरून धरणावर तमाशा झाला. आधीच कालवा कोरडा, पिकं माना टाकायला लागलेली, माझी रोपं कोण घेणार!

"बुंधा तुमच्या बापाचा कुजला," एक जण म्हणाला, "शिक्षा आमच्या माणसांना का?"

"तुमची माणसं काय अमर आहेत?" मी म्हटलं. "एकदा मेली, झाड होऊन पुन्हा मरतील. तेव्हा कुणाचं बाळ खाली झोपलेलं असेल ते आत्ताच ठरवून ठेवा. माझं नको. माझी पाळी झाली."

लोक पांगले. दादा त्यांच्याबरोबर गेला. अजून त्यानं एका शब्दानं चूक कबूल केलेली नाही. पण एकेका घरानं झाड काढायला होकार दिला, तेव्हापासून भरावाच्या कामावर रोज उभा असतो, थर जाड टाकला म्हणून रोलरवाल्याशी भांडतो.

काल गिरणीवाल्या काकू वाफ्यांपाशी आल्या.

"आमच्या ह्यांना कधी काढणार?"

"उद्या."

"सकाळीच काढा म्हणावं. उन्हाचा त्यांना फार त्रास व्हायचा."

"सांगते."

"आणि तुझ्या भावाला तिथं उभा करू नकोस. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.